रेषेला लागला की नाही: टेनिसमधला लाइन कॉल नेमका कसा ठरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्ले कोर्टवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, चेंडूचा ठसा रेषेबाहेर दिसतो आणि मशीन चेंडू आत पडल्याचं सांगतं, तेव्हा खरं कुणाचं? पंचांनी निर्णय फिरवल्यावर कधी पॉइंट पुन्हा खेळवतात, कधी सरळ देऊन टाकतात, तो फरक कशावरून? आणि सामन्याला पंचच नसतील तर शेवटचा शब्द कुणाचा?

मी बरीच वर्षं रेषेमागे उभा राहिलो, नंतर मुख्य पंचाच्या खुर्चीत बसलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत रेषेमागच्या माणसांची जागा कॅमेऱ्यांनी घेतली. उत्तर थोडं लांबेल. तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक गल्लत आहे, ती आधी सोडवतो. चेंडू कुठे पडला हा एक प्रश्न. तो कुठे पडला हे कुणी सांगायचं, कधी सांगायचं, आणि ते चुकलं तर पुढे काय करायचं हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर नियमपुस्तकात जेमतेम एक ओळ आहे. बाकी सगळा पसारा दुसऱ्या प्रश्नाचा आहे, आणि कोर्टवरची भांडणंही बहुतेक तिथलीच असतात.

ती एक ओळ अशी: चेंडू रेषेला लागला, तर त्या रेषेने आखलेल्या कोर्टात पडला असं समजायचं. म्हणून कोर्टाची मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत घेतात. लांबी २३.७७ मीटर, एकेरीची रुंदी ८.२३, दुहेरीची १०.९७. (मधली सर्व्हिस लाइन तेवढी याला अपवाद, कारण ती दोन्ही चौकटींची असते.) रेषा साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर रुंद असतात, बेसलाइन, म्हणजे कोर्टाच्या टोकाची मागची रेषा, मात्र दहा सेंटिमीटरपर्यंत रुंद चालते. चेंडूचा व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर. म्हणजे रुंद बेसलाइनवर अख्खा चेंडू मावतो आणि वर जागा उरते. खेळाडूला समोरच्या टोकाकडून ही दहा सेंटिमीटरची पट्टी दोरीसारखी दिसते, हे लक्षात ठेवा.

या ओळीतला कळीचा शब्द ‘लागला’ हा आहे. फुटबॉलमध्ये चेंडूचा कुठलाही भाग रेषेच्या वर हवेत असला तरी चेंडू आत धरतात. टेनिसमध्ये तसं नाही. इथे जमिनीला जिथे स्पर्श झाला तेवढीच जागा मोजायची. हळू येणाऱ्या लॉबचा (उंच उडवलेल्या चेंडूचा) स्पर्श लहानसा असतो आणि चेंडूचा फुगीर भाग त्याच्या चारी बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आलेला असतो. वरून काढलेल्या फोटोत असा चेंडू रेषेवर आलेला दिसतो, पण रेषेला त्याने हातही लावलेला नसतो. ‘फोटोत तर स्पष्ट दिसतंय’ म्हणून जे वाद होतात, त्यातले कितीतरी या एका गोष्टीवर मिटतात.

जोरात मारलेल्या चेंडूचं उलटं. तो जमिनीवर दबतो, चपटा होतो आणि दबलेल्या अवस्थेत पुढे घसरतो. जमिनीशी त्याचा संबंध साधारण चार-पाच मिलिसेकंद टिकतो. टप्पा पडताना सर्व्हिसचा वेग ताशी १४० किलोमीटर उरला असं धरलं, तर एका मिलिसेकंदात चेंडू जवळजवळ चार सेंटिमीटर सरकतो. घसरताना वेग कमी होत असला तरी ठसा गोल राहत नाही, चांगला लांबुळका होतो. मशीनच्या चित्रात ती लांब अंडाकृती खूण दिसते ती म्हणूनच. लांब जाणाऱ्या चेंडूच्या बाबतीत निकाल लागतो तो या खुणेच्या पहिल्या टोकावर, जिथे स्पर्श सुरू झाला तिथे. उरलेली सगळी खूण रेषेपलीकडे गेलेली असली तरी चेंडू चांगला.

आणि माणसाच्या डोळ्याला नेमकं ते पहिलं टोकच पकडता येत नाही.

रेषापंचाला अगदी सुरुवातीला शिकवतात की चेंडूकडे पाहू नका. ऐकायला विचित्र वाटतं. पण चेंडूचा पाठलाग करत नजर टप्प्यापर्यंत नेली, तर टप्पा पडतो त्या क्षणी डोळे अजून हलत असतात आणि दिसतं ते धूसर. म्हणून चेंडू आपल्या रेषेकडे निघाला एवढं कळलं की नजर आधीच रेषेवर नेऊन ठेवायची, मान आणि डोळे स्थिर करायचे, आणि चेंडूला चित्रात येऊ द्यायचं. शरीर स्थिर ठेवायला मला दोन हंगाम लागले. तरीही डोळा फसवतोच. हलती वस्तू ती आहे त्यापेक्षा तिच्या जाण्याच्या दिशेला थोडी पुढे भासते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी विम्बल्डनमधल्या २००७ सालच्या सामन्यांचे चार हजारांवर पॉइंट तपासून २००८ मध्ये हे दाखवलं होतं. त्यांना पंचांचे ८३ चुकीचे निर्णय सापडले आणि त्यातले ७० एकाच प्रकारचे होते: चेंडू आत पडला होता, पंचांनी ‘आउट’ दिला. चुका नुसत्या नजरचुकीच्या असत्या तर दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या गेल्या असत्या. चॅलेंजची पद्धत (खेळाडू पंचाचा निर्णय मशीनवर तपासून मागतो ती) जिथे अजून आहे तिथे खेळणाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा सरळ आहे. तुमचा फटका ‘आउट’ दिला गेला असेल तर चॅलेंज करा. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू ‘चांगला’ दिला म्हणून चॅलेंज करताना मात्र हात आखडता घ्या.

रेषापंचाची भाषाही सांगून ठेवतो, टीव्हीवर ती निम्मीच कळते. चेंडू चांगला असेल तर रेषापंच गप्प राहतो. अगदी जवळचा असेल तर दोन्ही तळवे जमिनीकडे करून हात खाली धरतो, तोंडाने काही बोलत नाही. बाहेर असेल तर आधी आवाज आणि मग हात बाजूला. चेंडू खेळाडूच्या आड गेला आणि दिसलाच नाही, तर दोन्ही हात डोळ्यांशी नेऊन ‘मला दिसलं नाही’ असं खुर्चीला सांगतो. ही खूण करायला नवीन माणसं लाजतात आणि अंदाजाने काहीतरी ठोकून देतात. माझ्या मते रेषेवरचा सगळ्यांत मोठा गुन्हा हा. त्याच्या खालोखाल टप्पा पडण्याआधी ओरडणं. एका वाऱ्याच्या दिवशी मी तेही केलं. लॉब दोन हात बाहेर जाणार याची खात्री होती, ‘आउट’ म्हणून मोकळा झालो, आणि वाऱ्याने चेंडू परत आणून बेसलाइनवर ठेवला. लगेच ‘करेक्शन’ म्हणून ओरडावं लागलं. दोन्ही खेळाडू तोवर थांबले होते, त्यामुळे पॉइंट पुन्हा खेळला गेला आणि ज्याने तो सुंदर लॉब मारला होता तो सामना संपेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिला.

यावरून सुरुवातीच्या तिन्हींतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: निर्णय फिरवल्यावर पुढे काय.

खुर्चीतला पंच रेषापंचाचा निर्णय फिरवू शकतो, पण दोन अटींवर. चूक उघड असली पाहिजे आणि निर्णय तत्काळ फिरवला पाहिजे. ‘मला वाटतं जरा आत असावा’ एवढ्यावर फिरवायचा नाही. यामागे भूमिती आहे. खुर्ची जाळीच्या टोकाला असते, बेसलाइन तिथून जवळजवळ बारा मीटर लांब, आणि तिरकस कोनातून दिसते. जवळची साइडलाइन पंचाला छान दिसते, पलीकडची फसवी. रेषापंच मात्र आपल्या रेषेच्या थेट सरळीत असतो. म्हणून बारीक फरकाच्या चेंडूवर त्याचंच खरं धरायचं.

निर्णय फिरवण्याची सगळ्यांत महागडी चूक २००४ च्या यूएस ओपनमध्ये झाली. उपांत्यपूर्व फेरीत सेरेना विल्यम्स आणि जेनिफर कॅप्रियाती. तिसऱ्या सेटच्या पहिल्याच गेममध्ये सेरेनाचा बॅकहँड स्पष्ट आत पडला होता, रेषापंचानेही तो चांगला दिला होता, आणि चेअर अंपायरने तो फिरवून बाहेर दिला. टीव्हीवरच्या संगणकीय चित्रात चेंडू आरामात आत दिसत होता. त्या सामन्यात सेरेनाविरुद्ध आणखीही वाईट निर्णय गेले, ती हरली, आणि त्या अंपायरला उरलेल्या स्पर्धेत काम दिलं गेलं नाही. जगभरच्या प्रेक्षकांना घरी बसून दिसणारी गोष्ट कोर्टवरच्या पंचालाच दिसत नाही, ही अवस्था त्यानंतर फार काळ टिकणं शक्य नव्हतं.

आता पॉइंट पुन्हा कधी. नियम दिसतो त्यापेक्षा सोपा आहे: चुकीच्या ‘आउट’मुळे कुणाची खेळण्याची संधी गेली का, एवढंच पाहायचं. चांगला चेंडू चुकून ‘आउट’ दिला गेला आणि समोरचा तो परतवू शकला असता, तर त्या ओरडण्याने त्याचा खेळ थांबला, म्हणून पॉइंट पुन्हा. पण चेंडू त्याच्या आवाक्यातच नव्हता, उघड जिंकणारा फटका होता किंवा एस (समोरच्याला लागलीच नाही अशी सर्व्हिस) होती, तर त्याचं काहीच गेलं नाही, म्हणून फटका मारणाऱ्याला पॉइंट. ‘आवाक्यात होता का’ हे पंच ठरवतो आणि त्यावर हुज्जत चालत नाही, निदान चालू नये. उलट्या बाजूला, चांगला दिलेला चेंडू फिरवून ‘आउट’ दिला तर प्रश्नच नाही, पॉइंट तिथेच संपला. पहिली सर्व्हिस असेल तर ती फॉल्ट आणि पुढे दुसरी सर्व्हिस. एक बारकावा लोक विसरतात. दुसऱ्या सर्व्हिसवर दिलेला फॉल्ट फिरवून पॉइंट पुन्हा खेळवला, तर तो पहिल्या सर्व्हिसपासून सुरू होतो, कारण पुन्हा खेळायचा असतो तो अख्खा पॉइंट.

फूट फॉल्टवर लांबण लावत नाही. चेंडू मारेपर्यंत सर्व्हरचा पाय बेसलाइनला किंवा आतल्या जागेला लागता कामा नये, मधल्या खुणेची काल्पनिक वाढवलेली रेषाही ओलांडायची नाही. पाय आत हवेत असला तर चालतो, टेकला की फॉल्ट. २००९ च्या यूएस ओपन उपांत्य फेरीत सेरेनाला किम क्लायस्टर्सविरुद्ध दुसऱ्या सेटमध्ये ५-६, १५-३० असताना दुसऱ्या सर्व्हिसवर फूट फॉल्ट दिला गेला. त्यामुळे १५-४० झालं, ती रेषापंचावर भडकली, आधीची ताकीद जमा असल्यामुळे पॉइंटचा दंड झाला आणि सामना तिथेच संपला. ‘अशा वेळी फूट फॉल्ट द्यायचा असतो का?’ असं मला अजून विचारतात. नियमात ‘अशी वेळ’ नाही.

मशीनची सुरुवात लोक समजतात त्याच्या बरीच आधी झाली. १९८० साली विम्बल्डनमध्ये सायक्लॉप्स आलं. बिल कार्लटन या माल्टाच्या संशोधकाने ते बनवलं होतं. सर्व्हिस लाइनच्या आसपास जमिनीपासून सुमारे एक सेंटिमीटर उंचीवर अवरक्त किरणांच्या समांतर पट्ट्या सोडायच्या. चेंडूने चांगल्या बाजूची पट्टी आधी तोडली तर यंत्र गप्प, बाहेरची तोडली तर ‘बीप’. ते फक्त सर्व्हिस लाइनवरच चाले, कारण बेसलाइनवर खेळाडूंचे पाय सतत पट्ट्या तोडत राहिले असते. आणि सर्व्हिस लाइनच्या पंचाला प्रत्येक सर्व्हिसच्या आधी ते स्वतः चालू करावं लागे. ही बटणाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

हॉक-आयचं तत्त्व निराळं आहे. ब्रिटनमधल्या पॉल हॉकिन्सने ते विकसित केलं. २००१ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणात आलं, नंतर टेनिसच्या. कोर्टाभोवती उंचावर दहा-बारा कॅमेरे बसवलेले असतात. प्रत्येक कॅमेरा आपल्या चौकटीत चेंडूचा मध्य शोधतो, निरनिराळ्या कोनांतून आलेल्या या जागा जुळवून त्या क्षणी चेंडू अवकाशात कुठे होता हे काढतात, आणि असे अनेक क्षण जोडून मार्ग तयार होतो. तो मार्ग जमिनीला कुठे भेटतो, चेंडू किती दबला, किती घसरला, याचा हिशेब करून स्पर्शाची खूण काढली जाते. म्हणजे मोठ्या पडद्यावर दिसतो तो फोटो नसतो. गणिताने काढलेलं ते चित्र असतं. फॉक्सटेनसारख्या काही प्रणाली अतिवेगवान कॅमेऱ्यांतून टप्प्याचं खरं दृश्य दाखवतात, पण मोठ्या स्पर्धांमध्ये जास्त चालते ती गणिती पद्धत.

गणित आलं की चूक आली. सुरुवातीच्या वर्षांत हॉक-आयची सरासरी चूक ३.६ मिलिमीटर सांगितली जाई, पुढे ती कमी होत गेली. सरासरीचा अर्थ असा की काही चुका त्याहून मोठ्याही असणार. तरी पडद्यावर एक मिलिमीटरने रेषेला टेकलेली खूण अशा थाटात दाखवतात की शंकेला जागाच नको. २००७ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडरर नदालच्या एका चॅलेंजवर इतका वैतागला की यंत्र बंदच करा म्हणाला. त्याला चेंडू बाहेर दिसला होता. कदाचित तो बाहेर होताही. पण त्याच्या डोळ्यातली चूक मिलिमीटरात नाही, सेंटिमीटरात मोजायची असते, हे विसरून चालणार नाही. खेळाने मशीन स्वीकारलं ते त्याची चूक आपल्यापेक्षा कमी आणि दोन्ही खेळाडूंसाठी सारखी म्हणून. ते कधीच चुकत नाही असं कुणी मानलेलं नाही.

अधिकृत वापर २००६ मध्ये सुरू झाला. आधी हॉपमन कप, मग मायामीची स्पर्धा, आणि त्याच वर्षी यूएस ओपन. पुढे प्रत्येक सेटमध्ये तीन चुकीच्या चॅलेंजची मुभा आणि टायब्रेकमध्ये एक जादा, अशी पद्धत स्थिर झाली. बरोबर निघालेलं चॅलेंज खात्यातून जात नसे. चॅलेंजच्या काळात आम्हा पंचांना एक गोष्ट पटकन कळली. खेळाडूंचं ओरडणं कमी झालं, कारण ओरडण्याऐवजी बोट वर करायची सोय झाली. खुर्चीतल्या काही सहकाऱ्यांनी मात्र निर्णय फिरवणंच जवळजवळ सोडून दिलं, ‘चॅलेंज करेल की’ म्हणून. ते मला पटत नसे. उघड चूक दुरुस्त करायला खेळाडूचं चॅलेंज का खर्ची पडावं?

त्याच्या पुढची पायरी म्हणजे माणूस काढूनच टाकणं. २०१७ मध्ये मिलानच्या नेक्स्ट जेन फायनल्समध्ये सगळे कॉल प्रथमच मशीनने दिले. २०२० च्या यूएस ओपनमध्ये कोविडच्या साथीमुळे कोर्टवरची माणसं कमी करायची होती, तेव्हा दोन मोठी स्टेडियमं सोडून बाकी कोर्टांवर हीच पद्धत आली. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकही रेषापंच नव्हता. २०२५ मध्ये विम्बल्डननेही १४७ वर्षांची परंपरा थांबवली. आता चॅलेंज उरत नाही, कारण कॉल देणारं आणि पुरावा दाखवणारं यंत्र एकच. टप्पा पडताच रेकॉर्ड केलेला आवाज ‘आउट’ म्हणतो, फूट फॉल्ट बेसलाइनवर रोखलेल्या वेगळ्या कॅमेऱ्यांतून पाहतात, आणि खुर्चीतल्या पंचाने लाइन कॉलमध्ये पडायचं नाही.

पडायचं नाही, पण यंत्र चाललंच नाही तर? त्याच २०२५ च्या विम्बल्डनमध्ये सेंटर कोर्टवर चौथ्या फेरीत पाव्लुचेन्कोव्हा आणि सोनाय कार्टाल यांच्यात पहिला सेट ४-४ होता. पाव्लुचेन्कोव्हाला गेम पॉइंट होता. कार्टालचा चेंडू उघड लांब पडला आणि आवाज आलाच नाही. चौकशीत निघालं ते असं: कोर्टाच्या एका बाजूची यंत्रणा चालकाकडून चुकून बंद झाली होती, आणि त्या गेममधले तीन कॉल त्यामुळे हुकले होते. पंचाने पॉइंट पुन्हा खेळवला, तो आणि गेम पाव्लुचेन्कोव्हाने गमावला, सामना मात्र जिंकला. संयोजकांनी नंतर ते बंद करण्याची सोयच काढून टाकली. पंचेचाळीस वर्षांनी प्रश्न पुन्हा सायक्लॉप्सच्या बटणापाशीच आला होता, फक्त बटण रेषेवरच्या माणसाकडून आतल्या खोलीतल्या माणसाकडे गेलं होतं. त्याच आठवड्यात टेलर फ्रिट्झ आणि खाचानोव यांच्या सामन्यात उलटी गंमत झाली. रॅली चालू असताना यंत्र ‘फॉल्ट’ म्हणालं. सर्व्हरने हालचाल सुरू केली तेव्हा चेंडू उचलणारं मूल अजून जाळीपाशी धावत होतं, यंत्राला पॉइंट सुरू झाल्याचं कळलं नाही, आणि ते अजून सर्व्हिसचीच वाट पाहत बसलं. रॅलीतला फटका त्याने सर्व्हिस म्हणून मोजला. या दोन्ही ठिकाणी मोजमाप चुकलेलं नव्हतं. चेंडू कुठे पडला हे कॅमेऱ्यांना कदाचित बरोबर दिसलं असतं, पण केव्हा पाहायचं हे कुणीतरी त्यांना सांगावं लागतं.

पाव्लुचेन्कोव्हाच्या पॉइंटबद्दल माझं मत विचाराल तर पद्धत पंचाने बरोबर पाळली. यंत्राकडून कॉल आला नाही तर पंचाने स्वतः द्यायचा, आणि त्याला तो खात्रीने देता येत नसेल तर पॉइंट पुन्हा. पण कोपऱ्यात रेषापंचच नाही आणि पंचाला महिनोन्महिने एकही लाइन कॉल द्यावा लागलेला नाही, अशा परिस्थितीत ती खात्री कुठून येणार? नजर सरावाने राहते. हा माझा या पद्धतीवरचा एकमेव खरा आक्षेप आहे.

आता क्ले, म्हणजे पहिला प्रश्न. क्लेवर चेंडू ठसा ठेवून जातो, म्हणून तिथली परंपरा वेगळी. ठसा पाहायची मागणी फक्त पॉइंट संपवणाऱ्या फटक्यावर करता येते, नाहीतर खेळाडूने तिथल्या तिथे खेळ थांबवला पाहिजे. चेंडू सहजी परतवला तरी चालेल, पण मग लगेच थांबायचं. आणखी एक फटका खेळून, तो जाळीत गेल्यावर मागच्या ठशाची आठवण होणं चालत नाही. पंच खुर्चीतून उतरतो आणि ठसा पाहतो. ठसा आणि रेषा यांच्यामध्ये माती स्पष्ट दिसली तर बाहेर, नाहीतर आत. ठसा सापडला नाही किंवा वाचता आला नाही तर आधीचा निर्णय कायम. क्लेवर खुर्चीत बसणाऱ्यांना म्हणूनच गुण घाईने पुकारू नका असं शिकवतात. शंका असेल तर थोडं थांबा, कदाचित खाली उतरावं लागेल.

सगळ्यांत कठीण काम योग्य ठसा शोधण्याचं. तिसऱ्या सेटमध्ये बेसलाइनच्या कोपऱ्यात पंधरा ठसे असतात, आणि आपल्याला हवा तो दाखवण्यात खेळाडू पटाईत असतात. चेंडू कुठून आला, त्या दिशेला ठसा लांबुळका आहे का, माती पुढच्या बाजूला ढकललेली आहे का, हे पाहून ओळखायचं. दुसरी अडचण टेपची. क्लेवर रेषा बहुधा ठोकलेल्या पट्ट्या असतात आणि मातीपेक्षा किंचित वर आलेल्या असतात. चेंडूने पट्टीची कड घासली तर मातीवरचा ठसा अर्धवट राहतो. म्हणून नुसती फट दिसून भागत नाही, ठसा पूर्ण आहे ना हेही पाहावं लागतं.

पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धा चालवणाऱ्या एटीपीने २०२५ पासून क्लेवरही मशीन आणलं, महिलांच्या डब्ल्यूटीएच्या काही स्पर्धांतही ते आलं, फ्रेंच ओपनने मात्र त्या वर्षी रेषापंच ठेवले. भांडणं लगेच सुरू झाली. माद्रिदमध्ये झ्वेरेव्हने ठशाचा मोबाइलवर फोटो काढला आणि त्याला ताकीद मिळाली. झ्वेरेव्हला पंच खाली उतरून ठसा बघायला हवा होता. पण मशीनच्या स्पर्धेत पंचाने ठसा वाचायचाच नाही असा नियम आहे. हा नियम मला सुरुवातीला उद्धट वाटला होता, आता पटतो. दोन साक्षीदार ठेवले तर प्रत्येक खेळाडू आपल्या सोयीचा निवडणार.

मग ठसा आणि मशीन यांत फरक का पडतो? दोन्हीकडे कारणं आहेत. रोलाँ गारोससारख्या कोर्टवर वर विटेच्या चुऱ्याचा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा थर असतो. तो सैल असेल तर चेंडू चुरा ढकलतो आणि ठसा प्रत्यक्ष स्पर्शापेक्षा मोठा किंवा सरकलेला दिसतो. घट्ट आणि ओला असेल तर हलका स्पर्श उमटतच नाही. मशीनच्या बाजूने पाहिलं तर जमिनीची उंची त्याला आधीच माहीत असावी लागते, आणि हा थर पायांनी, झाडण्याने, वाऱ्याने दिवसभर हलत असतो. हिशेब करून पाहा: चेंडू १५ अंशांच्या कोनात येत असेल आणि जमीन मशीन समजतं त्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली असेल, तर टप्पा सुमारे साडेसात मिलिमीटर पुढे सरकतो. हार्ड कोर्टवर जमीन हलत नाही, म्हणून हा त्रास नाही. तेव्हा ठशात पाच-सात मिलिमीटरची फट दिसते आणि मशीन ‘आत’ म्हणतं, यात कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. दोन-तीन सेंटिमीटरची फट असेल तर बहुतेक वेळा तुम्ही चुकीचा ठसा पाहताय. आणि खरं कुणाचं, याचं उत्तर स्पर्धा सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं: ज्या पद्धतीने खेळायचं मान्य केलंत तिचं.

उरला पंच नसलेला सामना. जगातले बहुतेक सामने असेच होतात, आणि तिथला नियम मला सगळ्यांत सुंदर वाटतो. आपल्या बाजूला पडणाऱ्या चेंडूचा निर्णय आपण द्यायचा, म्हणजे स्वतःच्या विरुद्ध पक्षाचा न्यायाधीश आपणच. कॉल टप्प्यानंतर लगेच आणि समोरच्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. शंका असेल तर चेंडू चांगला. ‘दिसला नाही, पुन्हा खेळू’ असं म्हणण्याची सोय नाही. दिसला नाही म्हणजेच चांगला. ‘आउट’ म्हणून नंतर चूक लक्षात आली तर पहिल्यांदा पॉइंट पुन्हा खेळायचा. पण त्या सामन्यातली ती दुसरी चूक असेल, किंवा समोरच्याचा फटका जिंकणाराच होता, तर पॉइंट त्याचा. क्लेवर याहून कडक: ‘आउट’ म्हटलंत आणि ठसा आत निघाला तर पहिल्याच वेळी पॉइंट गेला. तिथे समोरचा ठसा दाखवायला सांगू शकतो आणि पाहायला जाळी ओलांडून येऊही शकतो. मतभेद राहिलाच तर रेफरीला बोलवायचं. कडेला उभे असलेले पालक यात कुठेच बसत नाहीत.

नव्या खेळाडूंच्या दोन चुका इथे वारंवार दिसतात. बेसलाइनच्या मागे उभं राहून, बाहेर जाणारा चेंडू टप्प्याआधी हाताने झेलायचा: पॉइंट गेला, चेंडू कितीही बाहेर जाणार असला तरी. आणि दुहेरीत सर्व्हिससाठी रुंद गल्ली आत धरायची: सर्व्हिसचा चौकोन दुहेरीतही एकेरीच्या साइडलाइनपर्यंतच असतो.

कुंपणाला मोबाइल लावून लाइन कॉल देणारी अॅपं आता आली आहेत. सरावाला छान आहेत. पण एका कोनातून पाहणाऱ्या एका कॅमेऱ्याकडून डझनभर कॅमेऱ्यांची अचूकता मागू नका, आणि वापरायचंच असेल तर पहिला चेंडू पडायच्या आधी ठरवा, ५-५ ला नको.

एका ज्युनियर स्पर्धेत मी फिरता पंच होतो. क्लेवरच्या एका सामन्यात मुलाने ‘आउट’ म्हटलं, समोरच्याने ठसा दाखवायला सांगितलं. मुलगा ठशापर्यंत गेला, रॅकेटने दाखवला, आणि समोरचा जाळीपाशी पोहोचायच्या आत सवयीने बुटाने पुसून टाकला. लबाडी नव्हती, प्रत्येक पॉइंटनंतर तो रेषा साफ करत असे. मला विचारल्यावर मी पॉइंट समोरच्याला दिला, कारण ठसा पुसणं म्हणजे आपला निर्णय सोडून देणं असंच नियम मानतो. चेंडू बाहेर होता, मी कुंपणापासून पाहिला होता.